जुनी, पळणारी गाडी घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २०१६ सालची फियाट पुंटो अबार्थ आहे. दुसऱ्या मालकाकडून घेतली, त्याला आता सात वर्षं होतील. तेव्हापासून ओळखीतली मंडळी शनिवारी सकाळी फोन करतात, "एक गाडी बघायला जायचंय, येतोस का?" मी जातो, कारण मला आवडतं. वाटेत तेच तेच प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. खर्चाचे अंदाज पुणे आणि आसपासचे आहेत.

पाच-सहा लाखांत खरी स्पोर्ट्स कार मिळते का?

दोन दारांची, छप्पर उघडणारी, जमिनीला टेकलेली अशी डोळ्यांपुढे असेल, तर नाही. आपल्याकडे तशी गाडी परवडणाऱ्या किमतीत जवळजवळ बनलीच नाही. गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म बनवली होती. दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची, रेनोचं साठेक अश्वशक्तीचं इंजिन. फार थोड्या बनल्या. आज एखादी मिळालीच, तर तिचे निम्मे भाग हाताने घडवून घ्यावे लागतील.

आपल्या बजेटमध्ये येते ती साधी हॅचबॅक किंवा सेडान, जिच्यात कंपनीने दमदार इंजिन बसवलंय. बाहेरून शेजारच्या काकांच्या गाडीसारखीच दिसते. आणि यातल्या कितीतरी आपल्याच मातीत बनल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे. फोक्सवॅगनची पोलो जीटी चाकणची, पुंटो अबार्थ रांजणगावची, स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडलेली, आणि सचिनच्या जाहिरातीमुळे लक्षात राहिलेली फियाटची पालिओ मुंबईत कुर्ल्याची. त्यामुळे या गाड्यांची नस ओळखणारे मेकॅनिकही या पट्ट्यात सापडतात. तुमच्या बाजूने असलेली ही मोठी गोष्ट आहे.

मग कोणती घ्यावी?

पहिल्यांदाच अशी गाडी घेत असाल, तर मारुती बलेनो आरएस. २०१७ ते २०२० एवढीच वर्षं विकली गेली. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), १०२ अश्वशक्ती, पाच गिअर, मागेही डिस्क ब्रेक. कागदावर फार मोठं वाटत नाही, पण गाडी हलकी आहे आणि टर्बोने श्वास घेतला की छान निघते. याच घराण्यातलं इंजिन आता फ्राँक्समध्ये येतं, त्यामुळे इंजिनाच्या पार्टसाठी वणवण नाही.

पोलो दोन प्रकारची, आणि लोक इथेच गोंधळतात. २०१३ मध्ये आली ती जीटी टीएसआय १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ पीएस (म्हणजे जवळपास अश्वशक्तीच), सात गिअरच्या डीएसजीसह, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. २०२० नंतरची १.० लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस. तिच्यात साधा सहा गिअरचा मॅन्युअलही मिळतो आणि ऑटोमॅटिक हवी तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पुढे देणारी साधी पद्धत. दोन्ही झकास पळतात. पण वॉरंटी नसलेल्या जुन्या गाडीत मी १.० मॅन्युअलच घेईन. का, ते पुढे डीएसजीच्या प्रश्नात.

ऑक्टाव्हिया व्हीआरएस २००४ मध्ये आली, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे नुकता पुरा झाला होता आणि ही गाडी त्याच्यासाठीच आल्यासारखी वाटायची. आज त्या सगळ्या वीस वर्षांच्या आसपास आहेत. इंजिन कणखर आहे, थकलं असतं ते भोवतालचं रबर आणि प्लास्टिक. व्हॅक्यूमच्या नळ्या, इग्निशन कॉइल, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. सगळं एकदा नव्याने करायची तयारी आणि रविवारचा वेळ असेल, तर हिच्याइतकं समाधान दुसरी देणार नाही. ऑफिसला रोज हीच न्यायची असेल, तर नको.

आणि अबार्थ. २०१५ च्या ऑक्टोबरात आली, १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर, शून्यावरून शंभर ८.८ सेकंदांत. दहा लाखांच्या आत तेव्हा एवढी ताकद दुसरं कोणी देत नव्हतं. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, जड आहे, आणि रस्ता तळहातात सांगतं. पुढच्या चिन्हातला विंचू म्हणजे कार्लो अबार्थ यांची रास, वृश्चिक. त्यांनी १९४९ मध्ये इटलीत हे नाव सुरू केलं. मी पक्षपाती आहे हे उघड आहे, म्हणून दोषही सांगतो. गिअर लिव्हरचा प्रवास लांब, क्लच जड, पोटाखाली १५५ मिलिमीटरच जागा, आणि शहरात लिटरला नऊ-दहाच्या वर अॅव्हरेज विसरा.

फियाटचीच सेडान लिनिआ टी-जेट हीच नस थोड्या कमी ताकदीत देते आणि बरीच स्वस्त मिळते. फोर्ड फिएस्टा १.६ एस टर्बोशिवायची, १०१ अश्वशक्तीची, आणि तिच्या वळणावरच्या चालीबद्दल मी एक शब्द वाईट ऐकलेला नाही.

त्याच पैशात जुनी बीएमडब्ल्यू येते. ती का नको?

कारण गाडीची किंमत उतरली, पार्टची उतरली नाही. चाळीस लाखांची गाडी आठ लाखांना मिळते, पण तिचा रेडिएटर, तिचे शॉक अॅब्सॉर्बर, तिची कॉम्प्युटरची पेटी अजून चाळीस लाखांच्या गाडीचीच आहे. गाडीच्या किमतीएवढी रक्कम बाजूला पडून असेल, तर जरूर घ्या.

डीएसजीबद्दल सगळे घाबरवतात. खरंच एवढं वाईट आहे का?

गिअरबॉक्स म्हणून ती सुंदर वस्तू आहे. दोन क्लच असतात, एक सम गिअरांचा, एक विषम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो, म्हणून बदल कळतही नाही. अडचण १.२ पोलोतल्या सात गिअरच्या प्रकाराची आहे. याचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर काहीच बिघडत नाही. पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी तासभर इंच-इंच सरकते, तेव्हा प्रत्येक वेळी क्लच अर्धवट घसरत चिकटतो आणि तापतो. क्लच चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भागही बिघडतो. तो एकच भाग नसून झडपा, पंप आणि कॉम्प्युटर यांचा एकत्र डबा आहे, आणि बदलायचा तर बिल लाखाच्या वर जातं.

घ्यायचीच असेल, तर गाडी पूर्ण गरम झाल्यावर गर्दीत अर्धा तास चालवा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर जाणवली, रिव्हर्स लागायला क्षणभर उशीर झाला, किंवा चढावर निघताना धक्का बसला, तर तिथेच नमस्कार करा. विकणारा म्हणेल, "डीएसजी अशीच असते." नसते. चांगली डीएसजी लोण्यासारखी चालते. गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर त्याचं बिल मागा. बिलासह काम झालेली गाडी मला न झालेल्या गाडीपेक्षा जास्त आवडेल.

गाडी बघायला जाताना नेमकं काय बघायचं?

आदल्या रात्रीच विकणाऱ्याला सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होताना इंजिनातली साखळी खळखळते का, निळसर धूर येतो का, रेस वर-खाली होते का, हे सगळं पहिल्या दहा सेकंदांत कळतं. गरम झाल्यावर यातलं बरंच झाकलं जातं.

सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. टर्बो गाडीत हे विशेष महत्त्वाचं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. मालकाने तेल बदलायला आळस केला असेल, तर आत काळी, डांबरासारखी साय दिसते. ती दिसली की परत फिरा, मग रंग कितीही चमकू दे. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा तेलात कॉफीसारखा फेस, म्हणजे हेड गॅस्केटचं काम.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर मी पळणाऱ्या गाडीत ठेवत नाही. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर मालकाने इतर ठिकाणीही हात आखडता घेतला असणार, असं मी धरून चालतो. आजवर हा अंदाज फारसा चुकलेला नाही.

चालवताना संगीत बंद, एसी बंद, काच खाली. विकणारा गप्पा मारायला लागेल, त्याला नम्रपणे थांबवा. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. रेस वाढली आणि गाडी त्या मानाने निघाली नाही, तर क्लच गेला. टर्बोची हलकी शीळ चांगली, किंचाळी वाईट. मग मोकळा रस्ता बघून जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली जाते का, स्टिअरिंग थरथरतं का, बघा. शेवटी गतिरोधकावरून तिरपी न्या. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश थकले असतील तर ठक-ठक आवाज येईल. ही दुरुस्ती फार महाग नाही, भाव पाडायला उपयोगी पडते.

हे झालं की गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. ब्लूटूथचा साधा स्कॅनर हजार-दोन हजारांत मिळतो, पण या गाड्यांची सगळी कपाटं त्याला उघडत नाहीत. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस आणि फियाटसाठी मल्टिइसीयूस्कॅन ही सॉफ्टवेअर ज्याच्याकडे आहेत, अशा मेकॅनिकला हजार-दीड हजार देऊन सोबत न्या. एक युक्ती सांगतो. कोड एकही नसेल आणि गाडीच्या आतल्या चाचण्याही "अपूर्ण" दाखवत असतील, तर कोणीतरी आजच सकाळी कोड पुसलेत.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

आकड्यापेक्षा पाय आणि हात जिथे लागतात तिथे बघा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची कड फाटलेली, आणि मीटर सांगतं पस्तीस हजार? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसचे किलोमीटर विचारा, मालक सोबत असेल तर सहसा सांगतात. काही गाड्यांत मीटरखेरीज दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही किलोमीटर नोंदलेले असतात. मीटर फिरवणारा बऱ्याचदा तिथवर पोचलेला नसतो.

पुरात बुडालेली गाडी?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२१ मध्ये चिपळूणला पाणी आलं, आणि पुढे अशा गाड्या धुवून-पुसून दुसऱ्या गावच्या बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आतल्या गुंडाळीवर गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. स्टेपनीची खोबण, सीटखालचे स्क्रू, डॅशबोर्डखालची वायरींची कनेक्टर हेही बघा. कुबट वास चालणार नाही. किनारपट्टीची गाडी असेल तर खाली वाकून तळाचा गंज बघणं आलंच.

कागदपत्रांचं काय?

इथे लोक कंटाळतात आणि इथेच अडकतात.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते आधी बघा. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगणं पुरेसं नाही. बँकेची एनओसी आणि सह्या केलेला फॉर्म ३५ हातात हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. "सह्या केलेले कोरे फॉर्म घ्या आणि चालवा" असं एजंट सांगतो, तेव्हा आधीचा मालकही धोक्यात असतो आणि तुम्हीही. गाडीवर थकलेले ई-चलन परिवहनच्या साइटवर दिसतात. पळणाऱ्या गाडीवर ते हमखास असतात. व्यवहाराआधी त्यालाच भरायला लावा.

इन्शुरन्सबद्दल गैरसमज फार. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. ते केलं नाही आणि पंधराव्या दिवशी गाडी ठोकली, तर कंपनी हात वर करू शकते. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो त्याच्याबरोबर जातो आणि तुमचा हप्ता त्या मानाने वाढतो.

चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः ताडून बघा. फोटोवर विसंबू नका.

दिल्ली पासिंगच्या गाड्या एवढ्या स्वस्त का असतात?

तिथे पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे मुदत जवळ आलेल्या चांगल्या गाड्याही लोकांनी मिळेल त्या भावात काढल्या. जुनी व्हीआरएस शोधणाऱ्याला हा मोह होतोच. पण हिशेब पूर्ण करा. तिथली एनओसी, वाहतूक, इथला महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, आणि एजंटची फी. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर इथे नोंदणी करावीच लागते. एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणीची मुदत संपलेली गाडी असेल तर फोनसुद्धा करू नका.

पंधरा वर्षांपुढची गाडी महाराष्ट्रात चालते का?

चालते. आरटीओत फिटनेस दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी पाच हजार झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त पडते. शिवाय पर्यावरण कर. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

वर्षाला खर्च किती येतो?

माझाच सांगतो. महिन्याला आठशे किलोमीटर धरले, तर लिटरला दहाच्या अॅव्हरेजने ऐंशी लिटर, म्हणजे आठ हजारांच्या पुढे पेट्रोल. वर्षातून एक सर्व्हिस, ज्यात पूर्ण सिंथेटिक तेल, फिल्टर, प्लग आणि काहीबाही, साधारण पंधरा हजार. इन्शुरन्स तेवढाच. चार टायर तीसेक हजारांचे, पण ते तीन-चार वर्षांतून एकदा. यात दर वर्षी एक "अचानक" असतंच. एका वर्षी व्हील बेअरिंग, एका वर्षी एसीचा कॉम्प्रेसर.

म्हणून बजेट सहा लाख असेल तर गाडी साडेचारची शोधा. राहिलेले दीड लाख पहिल्या वर्षात लागतात, हे मी बहुतेक मित्रांच्या बाबतीत पाहिलंय. जे सगळे पैसे गाडीतच घालतात, त्यांच्या गाड्या सहा महिन्यांनी पार्किंगमध्ये धूळ खाताना दिसतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

घेतल्यावर पहिलं काम कोणतं?

सगळी द्रव्यं बदला. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल. आणि ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा पट्टा) आहे, त्याचा बेल्ट. आधीचा मालक काहीही म्हणो.

हे मी ठासून सांगतो, कारण मी फसता फसता वाचलो. माझ्या गाडीच्या फाइलमध्ये "टायमिंग किट बदलले" असं एका गॅरेजचं बिल होतं. मी निश्चिंत होतो. दीडएक महिन्याने इंजिनाच्या बाजूने बारीक घरघर यायला लागली. माझ्या मेकॅनिकने झाकण उघडलं तर बेल्ट नवा, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि बेअरिंग पहिल्यापासूनचीच. बिल पूर्ण किटचं लावलं होतं. ते बेअरिंग जाम झालं असतं तर बेल्ट तुटला असता, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटले असते आणि हेड उतरवण्यापासून सगळं काम निघालं असतं. मेकॅनिकने ते बेअरिंग माझ्या हातात दिलं. बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं लागत होतं. तेव्हापासून मी बदललेला जुना भाग परत मागून घेतो, आणि तुम्हीही घ्या. चांगला मेकॅनिक यावर कधीच रागावत नाही.

टर्बो गाडी चालवताना काही वेगळं करायचं का?

सकाळी पहिली पाच-सात मिनिटं सावकाश. तेल गरम होईपर्यंत टर्बोला जोर देऊ नका. घाट जोरात चढून आलात तर बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट तशीच चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमधलं तेल जागीच जळत नाही. एवढंच.

फियाट तर भारतातून गेली. पार्ट मिळतात का?

मिळतात, पण दुकानात जाऊन लगेच नाही. सर्व्हिसचं सामान, ब्रेक पॅड, बुश, सेन्सर यांतलं बरंच साध्या पुंटो आणि लिनिआशी जुळतं. रांजणगावचा कारखाना अजून चालू आहे, आता तिथे जीप कंपास बनते, आणि जीपची वर्कशॉप फियाटचं काम बघतात. अडचण येते ती फक्त अबार्थच्याच भागांची. विंचवाच्या नक्षीचं एक अलॉय खड्ड्यात चिरलं, तर जोडीचं शोधायला महिने जातात. म्हणून मालक एकमेकांना धरून असतात. एखादी अबार्थ अपघातात संपली, की तिचे दरवाजे, दिवे, टर्बो कुणाकडे जाणार हे दोन दिवसांत ठरतं. फोर्डच्या बाबतीतही थोडंफार हेच. गाडी घेण्याआधी त्या गाडीच्या मालकांच्या गटात सामील व्हा आणि महिनाभर नुसतं वाचा.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं इंजिन बिघडेल का?

आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडतं. ऑक्टेन (इंधन अवेळी न पेटण्याचा गुण) मात्र चांगला असतो, त्यामुळे टर्बो इंजिन ठोकत नाही. काळजी रबराची आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. मी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवत नाही, आणि पेट्रोलच्या नळ्या दर सर्व्हिसला हाताने दाबून बघायला सांगतो. पेट्रोलचा थेंब गरम टर्बोवर पडणं म्हणजे आग, म्हणून यात चालढकल नको.

रीमॅप करावं का? आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर?

सायलेन्सर नको. पहाटे सोसायटीत आजारी माणसं, लहान मुलं झोपलेली असतात. पोलीस पकडतात ते वेगळंच.

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं. त्याने ताकद वाढते हे खरं. पण क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स जुनेच राहतात. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. घेताना आधीच रीमॅप झालेली गाडी असेल, तर कोणी केलं, केव्हा केलं, मूळ फाइल आहे का, हे विचारा; उत्तर अडखळलं तर मी घेत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगले टायर आणि ब्रेक पॅड घाला. गाडी कशी बदलते ते पहिल्याच वळणावर कळेल.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

पोटाखाली १५५ मिलिमीटरच जागा असलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात घालायची नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. उतरा, टोचन बोलवा. इन्शुरन्स घेतानाच इंजिन प्रोटेक्टचं कव्हर मागा. गाडीच्या वयामुळे मिळेलच असं नाही, पण विचारा.

मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला ही गाडी द्यावी का?

हा प्रश्न दोन आईंनी आणि एका वडिलांनी विचारलाय, आणि तिघांनाही मी एकच उत्तर दिलं. लायसन्स मिळून दोन वर्षं झालेली नसतील, तर नको. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. या गाड्या वेग जाणवू देत नाहीत. साध्या हॅचबॅकमध्ये शंभरला खिडक्या खडखडतात, शरीर सावध होतं. अबार्थमध्ये शंभरला काहीच वाटत नाही, आणि पुढे अचानक बैलगाडी किंवा उलट्या बाजूने येणारी दुचाकी असते. घेऊन द्यायचीच असेल तर एबीएस आणि एअरबॅग असलेलीच द्या, पहिले सहा महिने त्याच्या शेजारी बसा, आणि वेगाची हौस बंदिस्त ट्रॅकवर भागवायला पाठवा. कोल्हापूरला गो-कार्टचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ मोठे ट्रॅक आहेत. कार्टमध्ये एक दिवस घालवला की वळणावर गाडीचा तोल कसा सरकतो ते कळतं. ते घाटात शिकायला जाऊ नये.

मग ही गाडी चालवायची तरी कुठे?

एक्स्प्रेसवेवर कारला शंभरची मर्यादा आहे, घाटात साठची, आणि कॅमेरे आहेत. तिथे या गाडीचं काही विशेष नाही. माझा रस्ता मुळशीवरून ताम्हिणीचा. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, पहाटे साडेपाचला. रस्त्यावर कोणी नसतं, कडेला सोनकीची पिवळी फुलं असतात, आणि चाळीस-पन्नासच्या वेगाने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणामागून वळण घेताना हे जड स्टिअरिंग जिवंत होतं. चांगल्या गाडीची मजा कमी वेगातही येते, हे मला तिथेच कळलं. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवार तिकडे फिरकू नका. गर्दी, धुकं, दरड, सगळंच असतं.

घरात एकच गाडी असणार असेल तर?

तर बलेनो आरएस किंवा १.० पोलो. रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं असताना "पार्ट इटलीहून यायचाय" हे कारण चालत नाही. माझ्या घरी अबार्थबरोबर एक साधी वॅगनआर आहे आणि तिच्यामुळेच अबार्थ टिकली.

विकताना पैसे परत येतात का?

बलेनो आणि पोलोचे बऱ्यापैकी येतात, कारण मागणी मोठी आहे. अबार्थ थोड्याच बनल्या, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाडीला भाव टिकून आहे, पण गिऱ्हाईक निवडक, थांबावं लागतं. ऑक्टाव्हियात घातलेले पैसे येत नाहीत, ते धरूनच घ्या. काहीही असलं तरी पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा. प्रत्येक बिल, किलोमीटर, तारीख. मागच्या महिन्यात एक मुलगा नाशिकहून माझी गाडी नुसती बघायला आला होता, विकायची नाही हे माहीत असूनही. गाडीकडे त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि अर्धा तास फाइल वाचत बसला. मला तो फार आवडला. त्याच्यासाठी आता गाडी शोधतोय. पांढरी अबार्थ, २०१६ किंवा १७, शक्यतो दुसऱ्या मालकापर्यंतची. कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.